आजोबा, नाक खाली घ्या!



"मॅडम, तो संगणकावर विमान उडवायचा खेळ असतो ना, तो मुलाला घेऊन द्यावा का? पायलट व्हायचं म्हणतोय." पालकसभेत हा प्रश्न आता दरवर्षी एखादा तरी पालक विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. द्या, पण आधी तुम्ही शिका. यावर पालक हसतात. "आता या वयात आम्ही काय विमानं उडवणार!" म्हणतात.

आजचा लेख त्या 'या वयात'साठी आहे.

दोन गोष्टी सुरुवातीलाच स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. हा खेळ खेळून कुणी वैमानिक होत नाही. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचं खरं उड्डाण लागतं आणि घरच्या संगणकावरचे तास त्यात धरत नाहीत. प्रशिक्षणासाठी मान्यता असलेली सिम्युलेटर यंत्रं वेगळी असतात. त्यामुळे एका दिवसाच्या कार्यशाळेत मुलाला कॉकपिटसारख्या खुर्चीत बसवून "तुमचा मुलगा भावी पायलट" असं प्रमाणपत्र कुणी देत असेल, तर तेवढ्या पैशांत घरात एक चांगली जॉयस्टिक येते एवढंच मी सांगेन. दुसरी गोष्ट, मोबाईलवर दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवणारे विमानाचे खेळ मी यात धरत नाही. त्यातलं विमान बऱ्याचदा कसंही उडतं. मी बोलतेय ते हवा, वजन, वेग, वारा यांचा हिशोब ठेवणाऱ्या सिम्युलेटरबद्दल. फ्लाइटगिअर फुकट मिळतो आणि शाळेच्या साध्या संगणकावरही चित्रं थोडी कमी ठेवून चालवता येतो. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ पासून आहे. त्याच्या २०२० च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवरून उभी केलेली पृथ्वी आहे, पण त्याला दणकट संगणक आणि चांगलं इंटरनेट लागतं.

'खेळ' या शब्दावर नाक मुरडणाऱ्यांसाठी एक जुनी हकिकत. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यात काम करायचा. तिथे आपोआप वाजणारे पियानो आणि ऑर्गन बनत. त्यातल्या हवेच्या भात्यांवर त्याने १९२९ मध्ये एक छोटं, जागच्या जागी झुकणारं आणि वळणारं विमान तयार केलं. सुरुवातीला ते घेतलं कुणी, तर करमणुकीच्या बागांनी! पुढे १९३४ मध्ये टपाल नेताना सैन्याच्या वैमानिकांचे खराब हवेत भराभर अपघात झाले, तेव्हा अमेरिकी सैन्याने तीच यंत्रं विकत घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावर शिकले. म्हणजे खेळणं की साधन, हे बसणारा काय करतो त्यावर ठरलं.

आता वयाकडे येते.

मोठ्या माणसांना वाटतं की यात बोटांची चपळाई लागते आणि ती मुलांकडेच असते. गाड्यांच्या शर्यतीच्या खेळात ते खरं असेल. इथे नाही. शिकायला घेतात ते सेस्ना १७२ हे चार जणांचं छोटं विमान. ते साधारण ६५ नॉट वेगाने उतरायला येतं, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. महामार्गावरच्या गाडीएवढंच! धावपट्टी तीन सागरी मैलांवर असेल तर तिथे पोचायला जवळजवळ पावणेतीन मिनिटं मिळतात. पावणेतीन मिनिटांत चहा उकळतो. घाई कसली? शिवाय मधेच थांबवायचं बटण आहेच.

उलट चपळ बोटांचाच इथे तोटा होतो. पाचवी-सहावीचा मुलगा पहिल्यांदा बसला की बाण दाबूनच धरतो. विमान डावीकडे झुकतं, घाबरून तो उजवीकडे दाबतो, मग ते जास्तच उजवीकडे जातं. मिनिटभर विमान दारू प्यायल्यासारखं डुलतं आणि मग जमिनीवर. खरं तर किंचित दाबायचं, सोडायचं आणि विमान काय म्हणतंय ते बघायचं. दाबल्यावर परिणाम दिसायला क्षणभर जातो. तो क्षणभर थांबणं साठीच्या माणसाला पटकन जमतं, दहाच्या मुलाला जमवून घ्यावं लागतं.

मोठ्यांची अडचण वेगळी असते. ती बोटांत नसून 'हसतील' या भीतीत असते. आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी नातीबरोबर शिकायला लागले, तेव्हा पहिले चार दिवस ते फक्त शेजारी बसून बघत होते. "तू उडव, मी बघतो." पाचव्या दिवशी नात पाणी प्यायला गेल्यावर त्यांनी हळूच कीबोर्ड ओढून घेतला. ती परत आली तर विमान आकाशात आणि गुरुजी घामाघूम. त्यांना वर जायचं होतं म्हणून ते नाक वर-वर ओढत होते. वेगाचा काटा खाली येत होता, भोंगा वाजायला लागला होता. नात ओरडली, "आजोबा, नाक खाली घ्या!" गुरुजी म्हणाले, "अगं, खाली घेतलं तर पडेल ना!"

इथेच सगळा धडा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. विमान वर राहतं ते पंखांवरून हवा नीट वाहते म्हणून. नाक फार वर केलं की वेग कमी होतो, हवा पंखाला धरून वाहायची सोडते आणि पंख विमान उचलेनासा होतो. याला स्टॉल म्हणतात. सेस्नामध्ये त्याआधीच भोंगा वाजतो. उपाय मनाला पटणारा नाही. पडतंय असं वाटत असताना नाक खाली करायचं, वेग घ्यायचा, जोडीला इंजिनची ताकद द्यायची आणि मग सावकाश सरळ व्हायचं. आठ वर्षांचं मूल असो की अडुसष्ट वर्षांचे आजोबा, पहिल्यांदा प्रत्येकजण उलटंच करतो. या जागी सगळी वयं एका बाकावर येतात. गुरुजींचं विमान त्या दिवशी शेतात गेलं आणि नातीने त्यांना नवीन विमान दिलं. खर्च शून्य.

शिक्षकांनो, माझा मुद्दा हा आहे. डी.एड. होऊन, नोकरी लागून आपल्याला दहा-पंधरा वर्षं झाली. रोज आपण मुलांना शिकवतो, पण स्वतः अगदी कोरी पाटी घेऊन कशाला बसलो त्याला किती दिवस झाले? हातच्याची वजाबाकी न समजलेल्या मुलाला "अरे, किती सोपं आहे!" म्हणताना ती आपल्याला कधीकाळी अवघड होती हे आपण विसरलेलो असतो. सहा गोल घड्याळांसमोर बसून पहिल्या दिवशी एकही न कळणं, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाने दर काही वर्षांनी घ्यावा असं माझं ठाम मत आहे. विमानाऐवजी तबला चालेल, पोहणं चालेल. मी विमान सुचवते कारण ते घरबसल्या होतं आणि मुलं आपल्या पुढे जाऊन आपल्याला शिकवू शकतात. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाने मॅडमला "तुमचा वेग बघा" असं सांगणं ही त्याच्यासाठी छोटी गोष्ट नसते.

आणि त्या घड्याळांत आपलाच अभ्यासक्रम भरलेला आहे हो! उंची दाखवणारा अल्टिमीटर बघा. लांब काटा शेकडा दाखवतो, आखूड काटा हजार. आखूड काटा २ आणि ३ च्या मधे, लांब काटा ५ वर, म्हणजे २,५०० फूट. चौथीला स्थानिक किंमत शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही. ६० नॉट म्हणजे मिनिटाला एक सागरी मैल. मग ९० नॉटला दहा मिनिटांत किती? मुलं तोंडी सांगतात, कारण उत्तर चुकलं तर विमानतळ मागे राहतो.

धावपट्टीवर लिहिलेले आकडे तर फार मजेचे. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला २७ आणि दुसऱ्या टोकाला ०९ आहे. होकायंत्रावरचे अंश घेऊन शेवटचा आकडा सोडला की हे मिळतात. २७० अंश म्हणजे पश्चिम, ९० म्हणजे पूर्व. पुण्याला १० आणि २८, नागपूरला १४ आणि ३२. फळ्यावर या तीन जोड्या लिहा आणि गप्प उभे राहा. "प्रत्येक वेळी १८ चा फरक आहे!" हे कुणीतरी ओरडेलच. का, ते सरळ कोन शिकलेली मुलं सांगतील. वारा समुद्राकडून येत असतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणून मुंबईत विमानं बहुतेकदा पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या घरांवरून खाली येतात. तिथल्या मुलांना विमानाचं पोट रोज दिसतं, त्यामागचं हे कारण भूगोलाच्या तासाला सांगता येतं.

शिकायचा क्रम मात्र पाळा. जवळजवळ सगळे धावपट्टीवरून सुरुवात करतात आणि पहिल्याच दिवशी उतरायला जातात. आपणच डी.एड.ला शिकलोय ना, सोप्याकडून कठिणाकडे! खेळ ३,००० फुटांवर, हवेतच सुरू करा. पहिला दिवस फक्त सरळ आणि एकाच उंचीवर पाच मिनिटं. कंटाळवाणं वाटेल, पण जमत नाही हे दिसल्यावर कंटाळा जातो. मग उत्तरेकडून पूर्वेकडे एक वळण, उंची न सोडता. मग वेग कमी-जास्त करणं. उड्डाण त्यामानाने सोपं आहे, पूर्ण ताकद द्या, ५५ नॉटला किंचित ओढा, विमान स्वतःच उठतं. उतरणं सगळ्यात शेवटी, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागले तरी लागू द्या.

इंग्रजीची काळजी करू नका. थ्रॉटल, फ्लॅप, हेडिंग असे वीस-पंचवीस शब्द लागतात. मुलांकडून मराठी अर्थासहित तक्ता करून भिंतीवर लावा. वयस्करांना आकडे बारीक दिसतात, त्यांच्यासाठी पडद्यावरचं चित्र मोठं करून फक्त घड्याळंच दाखवता येतात. जॉयस्टिक असली तर बोटं दुखणाऱ्यांना सोपं जातं. एका वेळी अर्धा तास पुरे, डोळ्यांसाठीही आणि डोक्यासाठीही.

वयाचा विषय निघाला की लोक जेआरडी टाटांचं नाव घेतात. १९३२ मध्ये त्यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान आणलं आणि १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, तोच प्रवास पुन्हा केला. मोठीच गोष्ट आहे, पण ते आयुष्यभराचे वैमानिक. मला आमचे गुरुजी जास्त जवळचे वाटतात, कारण त्यांनी शून्यापासून सुरुवात केली. तीन महिन्यांनी ते पुण्याच्या २८ नंबरच्या पट्टीवर उतरायला लागलेत, मधूनमधून गवतात जातात. आता त्यांना नाशिकला जायचंय आणि वाटेतल्या डोंगरांची उंची नात ॲटलासमध्ये शोधतेय.