फास्ट म्हणजे नक्की काय?



पर्युषणात नातीने विचारले, "आजी, आसनगावची लोकल फास्ट आणि तुझा उपवासही फास्ट, असं कसं?" मी हसले आणि शब्दकोश उघडला. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता घट्ट, पक्का. म्हणून न उतरणारा रंग 'फास्ट कलर', आणि नियम घट्ट धरणे म्हणजे उपवास. वेगाचा अर्थ मागाहून आला.

आपले पच्चक्खाणही हेच सांगते, धरलेले सोडू नका. पण हल्ली उपवासातही शर्यत शिरली आहे. कोणाची अठ्ठाई, कोणाच्या पारण्याला किती माणसे! डॉक्टरांनी नको म्हटलेल्या बहिणीही लोकलाजेखातर उपवास करतात. मला हे पटत नाही. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची नवकारशी रोज सांभाळली आणि सुनेवर आवाज चढवला नाही, तर तोही पक्काच रंग. अठ्ठाई करूनही जिभेचा कडवटपणा सुटला नाही, तर रंग पहिल्याच धुण्यात गेला समजा.

नियम लहान घ्या, झेपेल असा घ्या. पण घट्ट धरा.