रंग गेले कुठे?

दोस्तांनो, आमच्या वरच्या मजल्यावर गेल्या सुट्टीत माळा आवरताना एक व्हिडिओ कॅसेट निघाली. १९९१ सालचं लग्न. त्यात मुलांची पणजी चालताबोलताना दिसते आणि तिचं तसं दुसरं चित्रण घरात कुणाकडेच नाही. माळ्यावरचा व्हीसीआर खाली आला, नव्या टीव्हीला जोडला आणि चित्र उमटलं ते चक्क ब्लॅक अँड व्हाइट! हिरवा शालू राखाडी, कुंकू काळं. "कॅसेट गेली," आजोबांनी निकाल दिला. "व्हीसीआर भंगारात द्या," बाबा म्हणाले. धाकटीने मात्र टीव्हीच्या पाठीमागे टॉर्च मारला. व्हीसीआरची पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्ये बसली होती. ती पिवळ्यात घातली, रिमोटवर इनपुट बदललं, आणि शालू हिरवा झाला!

आता प्रश्न असा, की चुकीच्या सॉकेटमधून चित्र आलंच कसं? आणि आलं तर रंग तेवढे कुठे सांडले?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे दूरदर्शन दिल्लीत १९५९ साली सुरू झालं, मुंबईत १९७२ साली. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ च्या १५ ऑगस्टला. तोवर घरोघरी कृष्णधवल संच होते. रंग आले म्हणून ते सगळे फेकून द्यायचे का? मुळीच नाही! जर्मनीत वॉल्टर ब्रुख या इंजिनिअरने १९६० च्या दशकात 'पाल' नावाची पद्धत तयार केली होती, तीच आपण घेतली. तिच्यात उजेड-अंधाराचा जुना संदेश तसाच राहतो आणि त्याच्यावर रंगांची एक बारीक लहर चढवलेली असते. ही लहर सेकंदाला सुमारे ४४ लाख ३३ हजार वेळा हेलकावते. जुना संच तिच्याकडे लक्षच देत नाही, रंगीत संच तिच्यातून रंग वाचतो. पिवळ्या पिनेतून हे दोन्ही एकत्र येतात. हिरवं सॉकेट मात्र फक्त उजेड-अंधार वाचणारं. म्हणजे आपला नवाकोरा टीव्ही घटकाभर १९७२ सालचा झाला होता, बरं का!

युक्ती झकास, पण तिची किंमत मोजावी लागते. तूरडाळ आणि मूगडाळ एकाच डब्यात ओतली, की नंतर कितीही निवडा, चार दाणे इकडचे तिकडे राहतातच. पडद्यावर कुणी बारीक चौकडीचा शर्ट घातला, तर टीव्हीला ती चौकडीच रंगांची लहर वाटते आणि शर्टावर इंद्रधनुष्य वळवळू लागतं. रंगीत अक्षरांच्या कडेने मुंग्यांसारखे ठिपके चालतात, तेही याचमुळे.

म्हणून पुढे डाळी वेगळ्याच ठेवायचं ठरलं. एस-व्हिडिओच्या वायरीत उजेड एका वाटेने, रंग दुसऱ्या. कंपोनंटमध्ये तीन पिना: हिरवी, निळी, लाल. गंमत म्हणजे हिरवीतून 'हिरवा रंग' येत नाही, सगळा उजेड-अंधार येतो. निळी आणि लाल पिन आपापला रंग त्या उजेडापेक्षा किती कमी-जास्त आहे, ते सांगतात. मग हिरवा? तो टीव्ही वजाबाकी करून काढतो! (गणिताच्या बाईंना हे जरूर सांगा.)

एचडीएमआयची वायर २००२ नंतर आली. तिच्यातून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. पालच्या चित्राचे आकड्यांत ७२० गुणिले ५७६ ठिपके होतात, फुल एचडीचे १९२० गुणिले १०८०. भागून पाहा, बरोबर पाचपट! आई-बाबांसाठी दोन गोष्टी. एक, एचडी सेट-टॉप बॉक्स घेऊन तो पिवळ्या वायरीने जोडला असेल, तर त्यातले चार हिस्से ठिपके वाटेतच गळतात आणि तुम्ही पैसे मात्र एचडीचे भरता. दोन, दीड-दोन मीटरसाठी सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय वायर कशाला? साध्या चांगल्या वायरीतून आकडे जसेच्या तसे पोचतात. वायर बिघडलीच, तर चित्र फिकट होत नाही. त्यात चमचम ठिपके येतात किंवा पडदा काळा होतो.

कॅसेटचं चित्र मात्र मोठ्या टीव्हीवर भुरकटच दिसणार, कारण व्हीएचएसच्या टेपवर मुळातच तपशील कमी असतो. माणसं बुटकी-जाडी दिसली, तर सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार ४:३ करा. आणि घरी अशी एखादीच कॅसेट असेल, तर ती सारखी लावू नका, आधी तिची डिजिटल प्रत करून घ्या. आपल्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. खिडकीतून आत पांढरी भुकटी दिसली, तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. तिच्यामुळे व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि पुढची चांगली कॅसेटही. आधी ती जाणकाराकडून साफ करून घ्या.