पाठीतील उसण आणि ‘काही नाही’ची सवय

आठवड्याच्या सुट्टीला दुकानाचे शटर ओढून घ्यावे आणि जुन्या मित्राच्या गावी जावे, हा व्यापारी माणसाच्या वाट्याला क्वचितच येणारा आनंद. अशाच एका प्रवासाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. चिंचवडच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे किराणा दुकान सांभाळलेले, पासष्टी ओलांडलेले एक शेठ खेड तालुक्यातील निघोजे गावी निघाले आहेत. तेथील एका शेतकऱ्याशी त्यांचा तरुणपणापासूनचा स्नेह. आज त्या मित्राच्या नातवाचे बारसे. शेठच्या हाती मिठाईचा पुडा आणि बाळासाठी चांदीची वाटी.

मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी, कुरुळी अशी गावे मागे पडतात आणि वाट निघोज्याच्या शिवाराकडे वळते. जेथे एके काळी ज्वारी-बाजरी डोलत असे, तेथे आज मोटारींचे कारखाने आहेत. फोक्सवॅगनचा कारखाना या परिसरात २००९ साली सुरू झाला. अवजड मालमोटारी, कामगारांच्या बसगाड्या आणि दुचाकी यांची या रस्त्यांवर अखंड वर्दळ असते. गर्दीमुळे शेठना बसच्या अगदी शेवटच्या बाकावर जागा मिळाली. पुडा सांभाळण्यासाठी ते किंचित पुढे वाकून बसले होते. वेगात असलेली बस एका उंच गतिरोधकावरून गेली. शेठ बाकावरून वर उडाले आणि दाणकन खाली आदळले. पाठीच्या मध्यावरून अशी कळ गेली की क्षणभर श्वास अडकला. शेजारच्या प्रवाशाने विचारले, “काका, लागलं का?” शेठ उत्तरले, “काही नाही, जरा उसण भरली.”

प्रसंग काल्पनिक असला, तरी दुखापत काल्पनिक नाही. गतिरोधकावर आदळून मणका मोडलेल्या बसप्रवाशांची नोंद तुर्कस्तान आणि चिले या देशांतील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत केलेली आहे. अशा दुखापतीत मागच्या बाकावरील प्रवासी प्रामुख्याने सापडतात. त्याचे कारण साधे आहे. बसचा मागचा भाग मागील चाकांच्याही पुढे लांबवर निघालेला असतो. चाक उंचवट्यावर चढते तेव्हा तो भाग चाकापेक्षा अधिक उसळतो. प्रवासी हवेत फेकला जातो आणि तो खाली येतो तेव्हा बाक वर येत असतो. पुढे वाकलेल्या शरीराचा सारा भार मग मणक्याच्या पुढील कडेवर पडतो व मणका पाचरीसारखा चेपला जातो. छातीमागील बारावा मणका आणि कंबरेचा पहिला मणका यांचा सांधा या आघाताला विशेष बळी पडतो, कारण बरगड्यांनी आवळलेला ताठर भाग तेथे संपतो आणि लवचिक भाग सुरू होतो.

गतिरोधकाचेही एक माप ठरलेले आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने वाहन त्यावरून सुखरूप जावे, ही त्यामागील कल्पना. उंचवटा अरुंद व उभा असेल, त्यावर पांढरे पट्टे नसतील, किंवा चालकाने वेग आवरला नसेल, तर त्याची किंमत शेवटच्या बाकावरील कणा मोजतो.

शेठ उतरले, भिंतीचा आधार घेत मित्राच्या घरी पोहोचले. ओसरीवर पाव्हणे जमलेले, आत पाळणा सजलेला. शुभप्रसंगी आपल्या दुखण्याची वाच्यता कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला. अशा वेळी दोन प्रकारची माणसे नकळत घात करतात. एक म्हणजे स्वतः रुग्ण, जो संकोचापोटी दुखणे लपवितो. दुसरी म्हणजे प्रेमळ मंडळी. कोणी तेल कोमट करून पाठ चोळू पाहतो. कोणी म्हणतो, “गावात पायाळू माणूस आहे, त्याचा पाय लावून घ्या, उसण लगेच उतरेल.” पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याच्या लाथेने उसण जाते, हा समज महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. साधी स्नायूंची उसण चार-आठ दिवसांत आपोआपच ओसरते आणि श्रेय लाथेला मिळते. परंतु आत मणका मोडलेला असेल, तर तीच लाथ हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर ढकलू शकते. उसण आणि मोडलेला मणका यांतील भेद बाहेरून डोळ्यांना दिसत नाही, आणि सारा धोका तेथेच आहे.

शेठचे भाग्य असे की मित्राने त्यांचा चेहरा वाचला. कपाळावर घाम, ओठ आवळलेले, बसताना हात मांडीवर रोवलेला. त्याने सर्वांना बाजूला सारले आणि म्हटले, “शेठ, पाळणा घटकाभर थांबेल. तुम्ही जागचे हलू नका.” शेठना उताणे, सपाट झोपविले. पायांची बोटे हलतात का, मुंग्या येतात का, हे विचारले. तेल आणि लाथ दोन्ही नाकारली. दुचाकीवर मधे बसवून नेण्याचा उत्साही पुतण्याचा बेतही मोडून काढला आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी केला. महाराष्ट्रात २०१४ पासून या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. पाठ वळू न देता रुग्णाला उचलण्याची तालीम त्यावरील कर्मचाऱ्यांना असते.

प्रत्येक पाठदुखीला रुग्णवाहिका बोलवावी, असा याचा अर्थ नव्हे. पिशवी उचलताना भरलेली उसण बहुधा स्नायूंची असते. तिच्यासाठी दीर्घकाळ अंथरूण धरणे उलट अपायकारक असून, झेपेल तेवढे हिंडणे-फिरणेच हितकर ठरते. परंतु आदळणे, पडणे किंवा जोराचा हिसका यांनंतर कण्याच्या नेमक्या मध्यावर तीव्र वेदना असेल, तर क्ष-किरण तपासणीवाचून निश्चिंत होऊ नये. पाय लुळे वाटणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा शौचावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसले तर तासाभराचाही विलंब करू नये. केवळ चेपलेला, स्थिर मणका बहुतेक वेळा शस्त्रक्रियेवाचून साधारण दोन ते तीन महिन्यांत भरून येतो. निदान मात्र वेळेवर झाले पाहिजे.

वयाबरोबर हाडे ठिसूळ होतात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची. स्टेरॉइडची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही हा धोका असतो. ठिसूळ मणक्याला बसच्या हिसक्याचीही गरज नसते. खोकला किंवा धान्याचा डबा उचलणेही पुरते. घरातील आजींची उंची हळूहळू कमी होत असेल, पाठीला बाक येत असेल, तर ते केवळ वार्धक्य मानून सोडून देऊ नये. हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगाला ऊन लागत नाही, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाकडेही लक्ष हवे. दूध, दही, तीळ आणि नाचणी यांतून कॅल्शियम मिळते. प्रवासात वडीलधाऱ्यांना पुढील व मागील चाकांच्या मधील बाकावर बसवावे. त्यांनी पाठ टेकून, पाय जमिनीवर रोवून आणि हाताने दांडी धरून बसावे.

एक प्रश्न उरतो, तो वेदना सोसण्याचा. जैन परंपरेत परीषह समभावाने सहन करणे ही साधना मानली आहे आणि बावीस परीषहांत रोगाचाही समावेश आहे. तथापि समभाव म्हणजे दुखणे लपविणे नव्हे. त्याच परंपरेने आजाऱ्याची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे अभ्यंतर तपांपैकी एक तप मानले आहे. दुखणाऱ्याने ‘काही नाही’ म्हटले, तर सेवा करू इच्छिणाऱ्याला त्या तपाची संधीच उरत नाही. मन शांत ठेवून “येथे दुखते आहे” असे स्पष्ट सांगणे, हाही समभावच.

रुग्णवाहिका येईपर्यंत शेठ ओसरीवर पडून होते. दाराआडून पाळण्याची गाणी ऐकू येत होती. मित्राने बाळाला आणून त्यांच्याजवळ धरले आणि शेठनी पडल्यापडल्याच वाटी त्याच्या मुठीला लावली.