आसवारिष्टांचे जुनेपण आणि बाटलीचे बूच

आसवे जुनी झाली की अधिक गुणवान होतात, हा शार्ङ्गधरसंहितेतील सिद्धांत आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून परिचित आहे. औषध नियमावलीतील नियम १६१-ब नेही आसवारिष्टांस १० वर्षांची मुदत दिली आहे. तथापि हे जुनेपण कोणत्या झाकणाखाली यावे, याचा विचार आपल्या व्यवसायात फारसा होत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मालवणजवळील एका सूतिकेस आम्ही दशमूलारिष्ट दिले. दहा-बारा दिवसांतच तिच्या सासूबाई बाटली घेऊन परत आल्या. औषधास शिरक्याचा उग्र वास येत होता. प्रथम आम्ही निर्मात्यास दोष दिला. परंतु त्याच बॅचची सीलबंद बाटली उघडून पाहता ती निर्दोष निघाली. चूक आमची होती. मोठ्या कॅनमधील अरिष्ट आम्ही जुन्या, धुतलेल्या बाटल्यांत भरून वापरलेलीच बुचे लावली होती.

यामागील कारण साधे आहे. हवेतील प्राणवायू मिळाला की शिरक्याचे जिवाणू मद्यार्काचे अम्लात रूपांतर करतात. आपल्या शास्त्रात असे आंबलेले द्रव्य ‘शुक्त’ म्हणून ओळखले जाते. शुक्त हे वेगळे द्रव्य आहे. ते जुने अरिष्ट नव्हे.

वाइनच्या व्यवसायाने हा प्रश्न प्रयोगाने तपासला आहे. ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेने १९९९ मध्ये एकच सेमियाँ वाइन १४ प्रकारच्या बुचा-झाकणांखाली भरून तिचे निरीक्षण केले. अनेक कृत्रिम बुचांखालील वाइन लवकर तपकिरी होऊन बिघडली. आट्यांच्या धातूच्या झाकणाखालील ताजी राहिली, मात्र तिला काहीसा रबरासारखा वास आला. वाइन तीच, फरक केवळ झाकणाचा. शिवाय वाइनमध्ये संरक्षणार्थ सल्फर डायऑक्साइड घालतात आणि तिच्यात मद्यार्कही बहुधा आसवारिष्टांहून अधिक असतो. मग आपल्या औषधांनी झाकणाच्या बाबतीत अधिक दक्षता मागितली, तर नवल काय?

प्राचीन आचार्यांनी घृतलिप्त पात्र आणि संधिबंधन यांवर भर दिला, तो उगीच नव्हे. मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. संधानकाळी आतील वायू बाहेर जाण्यास वाव हवा. संधान पूर्ण होऊन गाळल्यानंतर बाहेरील हवा आत येता कामा नये. संधान अपुरे असताना बाटली घट्ट बंद केल्यास बूच उडते वा बाटली फुटते. पूर्ण झाल्यावर सैल ठेवल्यास शुक्त होते.

आमच्या किनारपट्टीवर ही अडचण दुणावते. पावसाळी दमटपणाने लाकडी बुचास बुरशी धरते, पुठ्ठ्याची चकती फुगते आणि खाऱ्या वाऱ्याने पत्र्याचे झाकण गंजते. देशावर टिकणारे झाकण येथे टिकेलच असे नाही.

म्हणून फार्मसीचालक बंधूंस आमची विनंती आहे की, किनारपट्टीसाठी लहान बाटल्या आणि आत चांगली प्लास्टिक चकती असलेली सीलबंद झाकणे द्यावीत, तसेच उघडल्यानंतर औषध किती दिवसांत संपवावे हे वेष्टनावर छापावे. वैद्यबंधूंनी कॅनमधून बाटल्या भरण्याचा मोह टाळावा. १० वर्षांची मुदत न उघडलेल्या बाटलीची आहे, आपण भरलेल्या बाटलीची नव्हे. तसेच संघटनेने एकाच बॅचचे अरिष्ट तीन प्रकारच्या झाकणांखाली ठेवून पावसाळ्यापूर्वी व नंतर त्याचा सामू, अम्लता आणि मद्यार्क तपासावा. असा प्रयोग जिल्ह्याच्या पातळीवरही होऊ शकतो.

झाकणात वाचविलेले पैसे अखेर रुग्णाच्या विश्वासातून वजा होतात. त्या सूतिकेच्या घरी आम्ही स्वतः जाऊन औषध बदलून दिले. पण ‘आयुर्वेदिक औषध जुने झाले की आंबतेच’ हा सासूबाईंचा समज पुसून काढण्यास आम्हास पुढे दोन वर्षे लागली.