आधी जिल्हा तर सांग!

गेल्या दिवाळीत कळंबला गेले, तर मामेभाऊ लॅपटॉप उघडूनच बसलेला. 'ताई, एवढं बघ ना!' मामांच्या कृषी सेवा केंद्राची वेबसाइट पठ्ठ्याने स्वतः केलेली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी अक्षरं मस्त मोठी ठेवलेली. पण बियाण्यांच्या भावाचा तक्ता मात्र बारीकच! मामांचा एकच धोशा, 'भावच दिसंना, तर उपयोग काय हिचा?'

कोड बघितला. पहिली ओळच गायब. 'डॉकटाइप एचटीएमएल' ही ओळ फालतू समजून त्याने उडवलेली.

आता बॉस, ही ओळ स्क्रीनवर काहीच दाखवत नाही, हे खरं. पण ती नसली की ब्राउझर समजतो, पान नव्वदच्या दशकातलं आहे. मग तो 'क्वर्क्स मोड'मध्ये शिरतो आणि त्या काळच्या खोडीही इमानदारीत पाळतो. त्यातलीच एक खोड म्हणजे तक्ता पानाच्या अक्षरांचा आकार घेतच नाही. पूर्वी ही ओळ चांगली लांबलचक असायची. एचटीएमएल ५ ने ती दोन शब्दांवर आणली. तेवढाही कंटाळा?

भावाला पटेना. म्हटलं, 'पत्रावर नुसतं कळंब लिही बरं. यवतमाळच्या कळंबला गेलं तर?' २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण पत्त्यात जिल्हा लिहिणं काही सुटलं नाही!

ओळ टाकली, तक्ता मोठा झाला. मामांनी चष्म्याशिवाय सोयाबीनच्या बियाण्याचा भाव वाचला आणि म्हणाले, 'आता झाली दुकानाची पाटी.'