मळखाऊ

मराठी मध्यमवर्गाचा एक खास रंग आहे आणि तो कुठल्याही झेंड्यावर नाही. त्याचं नाव मळखाऊ. शाळेचं दप्तर, प्रवासाची वळकटी, पाहुण्यांच्या उशीचा अभ्रा, सासऱ्यांचा स्वेटर, सगळं त्या एकाच रंगाचं. तो नेमका दिसतो कसा असं विचाराल तर सांगता येणार नाही. दिसू नये म्हणूनच तर घेतलेला असतो. मोठ्या माणसांनी तो आपल्या अंगावर आणि भिंतींवर खुशाल मिरवावा, माझी तक्रार नाही. पण पोरांच्या लाकडी घराला तो फासायला जे निघतात त्यांच्याशी माझं भांडण आहे, आणि ते मी आज चारचौघांत करणार आहे.

लाकडी घर म्हणजे अंगणातलं किंवा गच्चीवरचं भातुकलीचं थोरलं भावंड. तीन फळकुटी भिंती, एक दार, एक खिडकी, उतरतं छप्पर. मोठा माणूस आत शिरला तर गुडघे कानाला लागतात. पूर्वी आजीचं लुगडं चार काठ्यांवर टाकलं की हे घर होत असे. आता सुतार बोलवावा लागतो. घर उभं राहीपर्यंत सगळं ठीक चालतं. रंगाची वेळ आली की वडीलधाऱ्यांची बैठक भरते. जिचं घर, ती पाच वर्षांची मालकीण सोडून सगळे हजर!

शेजारच्या अण्णांकडची बैठक मी कुंपणावरून ऐकली.

"चॉकलेटी द्या. पोरांचे हात लागतात," वहिनी म्हणाल्या.

"राखाडी. धूळ दिसत नाही," अण्णा.

मग कुणीतरी उपचार म्हणून नातीला विचारलं. "पिवळं घर, जांभळं दार, निळं छप्पर," ती एका दमात म्हणाली. म्हणजे तिचं कधीच ठरलेलं होतं. मंडळी "वेडी कुठली!" म्हणून हसली आणि ठराव पास झाला : जिन्याखाली फाटकाचा उरलेला हिरवा डबा आहे, तो संपवून टाकू.

आता हा जिन्याखालचा डबा. आपल्या काटकसरीचं ते कुलदैवत. झाकणावर साय धरलेली, वर्ष पुसलेलं, आणि आत काय आहे ते परमेश्वराला ठाऊक. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या तैलरंगांत वर्षानुवर्षं शिसं असायचं; रंग झळकावा आणि लवकर वाळावा म्हणून घालत. आपला पारंपरिक शेंदूर तरी दुसरं काय? शिशाचाच. पण देवाला शेंदूर फासला तर देव तो चाटत नाही. पोर चाटतं. खिडकीच्या चौकटीला दात लावतं, भिंतीवरून हात फिरवून तीच बोटं तोंडात घालतं. शिशाने लहान वयात मेंदूच्या वाढीलाच धक्का बसतो, आणि अमुक इतकं पोटात गेलं तर चालेल अशी सुरक्षित मर्यादा सापडलेली नाही. नातीने पुढे स्कॉलरशिपला बसावं म्हणून आत्तापासून बदाम भिजत घालणारी मंडळी तिच्या घराला हा डबा लावणार!

हे काही आजचं ज्ञान नव्हे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचे डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली सांगितलं होतं, की उन्हाने व्हरांड्याच्या कठड्यांवरचा रंग भुकटी होऊन मुलांच्या हाताला आणि हातावाटे पोटात जातो. तिथल्या क्वीन्सलंडात १९२२ साली मुलांच्या हाताला येईल अशा जागी शिशाचा रंग लावायला कायद्याने बंदी झाली. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं दशलक्षात ९० भागांहून जास्त नको हा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या डब्याला हा नियम ठाऊकच नाही. आणि कुणी पाडलेल्या वाड्याच्या जुन्या रंगीत फळ्या आणून, पॉलिश पेपरने खसाखसा घासून पोरांचं घर करत असेल, तर ती उडणारी धूळ डब्याहून वाईट. असल्या फळ्या मुळात आणूच नयेत.

"पण पिवळा मळतो हो!" मळू दे की. मळखाऊ रंग मळ खातो ही शुद्ध अफवा आहे. तो मळ लपवतो. शिवाय चॉकलेटी घर वैशाखातल्या उन्हात असं तापतं, की रंगाला फोड येतात आणि पोरं आत फिरकत नाहीत. फिका रंग तितका तापत नाही. मळलाच तर ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर मृगाची वाट बघावी.

तेव्हा दिवाळीनंतर, लाकूड खडखडीत वाळलं की कामाला लागावं. पायांखाली विटा सरकवाव्यात. फळ्यांची कापलेली टोकं पाणी पितात, त्यांना प्रायमर जरा सढळ हाताने द्यावा. रंग नवा आणावा, बाहेरच्या लाकडाचा, पाण्यात कालवायचा. डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचावं. जांभळा मिळत नाही म्हणणाऱ्या दुकानदारापुढून हलू नये. मग जुना फ्रॉक घालून मालकिणीच्या हातात ब्रश द्यावा. तिचा हात पोचेल तिथवरची भिंत तिची, ओघळांसकट. वरचं छप्पर मोठ्यांनी करावं, तेही तिला विचारून.