विमापत्र आहे, डॉक्टर कोठे?

आयुष्मान भारत योजनेने २०१८ पासून गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी दिली आहे. ही हमी नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची मर्यादा झाकता कामा नये. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी परतल्यानंतरचे १५ दिवस, एवढाच तिचा पैस. वर्षानुवर्षे वाढत जाणारा रक्तदाब, रोजची गोळी, डॉक्टरची फी यांचा भार श्रमिकाच्याच खिशावर राहतो.

वेगळी वाट याच देशात पाडली गेली होती. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याखाली मुंबईच्या गिरणी कामगाराला वस्तीतल्या पॅनेल डॉक्टरकडे नाव नोंदविता येई. डॉक्टरला मोबदला मिळे तो नोंदलेल्या माणसांमागे, आजारांमागे नव्हे. त्या व्यवस्थेत उणिवा होत्या, तत्त्व मात्र अचूक होते. ब्रिटनने १९४८ साली हेच तत्त्व, कामगारापुरते न ठेवता, सर्व नागरिकांना लागू केले.

कार्यकर्त्यांनी केवळ विमापत्रे मिळवून देण्यावर समाधान मानू नये. प्रत्येक कुटुंबामागे, त्याला वर्षानुवर्षे ओळखणारा, सरकारी खर्चाने नेमलेला डॉक्टर, हीच मागणी वस्तीवस्तीतून उठली पाहिजे.